सात फुटी फळीचा हट्ट

परवा आईचा फोन. ‘‘बाबांची कंबर पुन्हा धरलीय. ती मशिनं आता विकून टाका, असं तू तरी सांग त्यांना.’’ झालं! शुक्रवारचा लेख मेल केला, सॅक उचलली आणि थेट रहिमतपूर. पुणे-मिरज लाइनवर कोरेगावच्या पुढचं आमचं स्टेशन. गाडीत एकच टेन्शन, सांगायचं कसं? रिटायर झाल्यापासून तेच तर बाबांचं ‘ऑफिस’!

परसातली दहा बाय चौदाची पत्र्याची खोली. आत कटर, रंधा मशीन, उभं ड्रिल आणि एक दणकट बाक. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. काम करा, पण लाकडं उचलून हेलपाटे घालू नका. मग मी वही-पेन घेऊन स्टुलावर बसले आणि हेलपाटेच मोजले. चौरंगाच्या एका पायासाठी नऊ वेळा खोली आरपार! चार पायांचे छत्तीस. लाकूड मागच्या कोपऱ्यात, रंधा दाराशी, कटर परत मागे. जसजशी मशिनं आली, तसतशी मिळेल त्या जागी बसली.

मला आठवल्या लिलियन गिल्ब्रेथ. बारा मुलांची आई असलेल्या या अमेरिकन इंजिनिअर बाईंनी १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी पावलं वाचवणारं किचन आखलं होतं. सगळं हाताशी, कामाच्या क्रमानं. म्हटलं, हेच कॉपी-पेस्ट करू! शनिवारी मशिनं भिंतीला लावून मस्त त्रिकोण केला. बाबांनी सात फुटी फळी कटरवर सरकवली आणि तीन फुटांवर ती भिंतीला धडकली.

शेजारचे सुतारकाका दारातूनच हसले. ‘‘ताई, किचनात भेंडी सात फुटाची नसते!’’

त्यांचा हिशेब सरळ होता. फळी जेवढी लांब, तेवढी मोकळी जागा पात्याच्या अलीकडेही हवी आणि पलीकडेही. म्हणून कटर खोलीच्या मधोमध आला, दाराच्या रेषेत. फळी आणखी लांब असेल तर टोक खुशाल अंगणात जाईल. रंधा शेजारीच, पण त्याचं टेबल कटरपेक्षा बोटभर खाली, म्हणजे फळी वरून निघून जाते. लाकूड दाराच्या बाजूला, बाक खिडकीच्या उजेडात, ड्रिल बाकाजवळ. पॉलिश पडवीत, भुश्यापासून लांब. वायरी भिंतीवरून, पायात एकही नाही. स्विच हाताशी. आणि पात्याच्या सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कारण अडकलेलं लाकूड उलटं भिरकावलं जातं.

रविवारी पुन्हा मोजलं. एका पायाला तीन फेऱ्या! बाबा म्हणाले, ‘‘अगं, एवढी वर्षं मी लाकडाच्या मागे पळत होतो की काय?’’

कंबर अजून दुखतेच. आईनंही हट्ट सोडलेला नाही, फक्त दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. तोवर ताईच्या बाळाचा पाळणा व्हायचाय.

सोमवारी फ्लॅटवर परतले. लॅपटॉप बेडरूममध्ये, चार्जर हॉलमध्ये, प्रिंटर किचनच्या माळ्यावर. वही काढली. तुम्हीही काढा, पण आधी तुमची ‘फळी’ किती लांब आहे, ते बघा!