रेषेवरचं रोप

महसूल मंडळातल्या सोयाबीनचं सरासरी उत्पादन काढताना सगळी शेतं मोजत नाहीत. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या मोजक्या शेतांत तुकडा आखायचा, कापणी-मळणी करायची, वजन घ्यायचं. हाच पीक कापणी प्रयोग. पीकविम्याची भरपाई ठरवताना ही वजनं निर्णायक असतात.

ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे आघाडीवर होते. जन्म १९११चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. तुकडा केवढा असावा यावरून १९४०च्या दशकात त्यांचा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला. छोट्या तुकड्यांना खर्च आणि वेळ कमी लागतो, म्हणून महालनोबिसांचा कल तिकडे होता. सुखात्म्यांनी प्रयोगांतून दाखवलं, की फार छोट्या तुकड्यात उत्पादन फुगून दिसतं. रेषेवरचं रोप कापणारा सहसा आतच धरतो, आणि तुकडा जितका लहान तितकं अशा रोपांचं प्रमाण जास्त. अशा तुकड्यांची संख्या कितीही वाढवली तरी ही चूक हटत नाही! आकडा मोठा दिसला की विश्वास टाकणाऱ्या आजच्या काळात मला हा वाद फार मोलाचा वाटतो.

नमुना पाहणीवरचा हा अंक काढताना आमच्या मनात कापणी प्रयोगाची हीच शेतं होती. निवडलेलं शेत आडवळणाला आहे म्हणून रस्त्यालगतचं कापलं, तर हिशेब तिथेच चुकतो आणि शेतकऱ्याची भरपाई बुडू शकते.