पैसे भरा, नोकरी घ्या!

सातवं सेमिस्टर सुरू झालं की कँटीनमधल्या गप्पांचा विषय बदलतो. क्रिकेट, सिनेमा, सबमिशन सगळं मागे पडतं आणि एकच प्रश्न उरतो, "तुझं झालं का कुठे?" ज्याचं झालं तो पार्टी देतो. ज्याचं नाही झालं तो रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर नोकरीच्या जाहिराती चाळत बसतो. मित्रांनो, भामट्यांना नेमका हाच मुलगा हवा असतो!

"आपण इंजिनिअर, आपण थोडेच फसणार?" असं वाटत असेल तर २०२२ सालची ही गोष्ट वाचा. रेल्वेत नोकरी लावतो असं सांगून तामिळनाडूतल्या २८ जणांना नवी दिल्ली स्टेशनवर महिनाभर 'ट्रेनिंग' दिलं गेलं. ट्रेनिंग काय, तर रोज आठ तास प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाड्या आणि डबे मोजायचे! त्यासाठी त्यांच्याकडून एकूण २ कोटी ६७ लाख रुपये उकळले होते. हसू येतं ना? पण त्यांच्यात इंजिनिअरिंग झालेली मुलंही होती. अक्कल कमी नव्हती, गरज जास्त होती.

मग खोटी नोकरी ओळखायची कशी? सर्किट सोडवताना आपण करंटची दिशा बघतो, इथे पैशाची दिशा बघायची. नोकरीत पैसा कंपनीकडून आपल्याकडे येतो. तो उलटा वाहायला लागला की समजा, गडबड आहे. मग त्याला रजिस्ट्रेशन फी म्हणा, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणा, नाहीतर 'पहिल्या पगारात परत मिळेल' म्हणा. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्या तर जाहीरपणे सांगतात की भरतीसाठी आम्ही कुणाकडूनही पैसे घेत नाही.

दुसरी गोष्ट घाईची. "आज संध्याकाळी सहाच्या आत भरा, नाहीतर सीट जाईल." अहो, ही नोकरी आहे की एसटीचं रिझर्व्हेशन? दहा मिनिटं चॅटवर बोलून, एकही टेक्निकल प्रश्न न विचारता कुणी ऑफर लेटर पाठवत असेल तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

तिसरी गोष्ट कागदाची. कंपनी स्वतःला 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणवत असेल तर तिला २१ अक्षर-अंकांचा सीआयएन नंबर असतोच. त्यातले नववा ते बारावा हे चार आकडे म्हणजे नोंदणीचं वर्ष. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाईटवर तो तपासता येतो. 'वीस वर्षांची परंपरा' सांगणाऱ्या कंपनीच्या नंबरात २०२५ दिसलं तर खुलासा मागा. अर्थात, चोर खऱ्या कंपनीचं नाव, लोगो आणि नंबरही चोरतात. म्हणून मेलमधल्या नंबरावर फोन न करता कंपनीच्या मूळ वेबसाईटवरचा नंबर शोधून विचारा.

आता थोडं खऱ्या कंपन्यांबद्दल. काही जण जागा नसतानाही जाहिरात लावून ठेवतात. बायोडेटांचा साठा होतो आणि कंपनी जोरात चालली आहे असंही दिसतं. यात आपले पैसे जात नाहीत, पण आशा जाते आणि वेळही जातो. तीच जाहिरात महिनोन्‌महिने दिसत असेल आणि कंपनीच्या स्वतःच्या साईटवर तिचा पत्ता नसेल, तर तिची वाट बघत बसू नका. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीतच सांगावं लागतं की जागा खरोखर रिकामी आहे की नाही. असा नियम आपल्याकडेही यायला काय हरकत आहे?

पण माझ्या मते या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे फसलेल्याची लाज. शेत गहाण टाकून फी भरलेल्या वडिलांना "बाबा, पैसे गेले" हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून मुलगा गप्प बसतो आणि तोच मेल पुढच्या बॅचला जातो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितकी घाई कराल तितकी पैसे वाटेतच थांबवले जाण्याची शक्यता जास्त. आणि आपल्या टी अँड पी सेलला एक विनंती. 'प्लेस झालेले विद्यार्थी' या यादीशेजारी 'आलेल्या खोट्या ऑफर' अशीही एक यादी लावा. नाव कुणाचंच नको, फक्त मेलचा पत्ता आणि मागितलेली रक्कम.

केटी लागली की आपण सगळ्या होस्टेलला सांगतो. मग फसवलं गेलो हे सांगायला कसली लाज? लाज फसवणाऱ्याला वाटू दे. तुम्ही बोला, ज्युनिअर्सचे पैसे वाचतील.