आखूड रायफलीचा अट्टहास

बुलपप रायफल घेऊन हरणाच्या मागावर निघणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. स्कॉटलंडच्या डोंगरात अशी मंडळी आता भेटू लागली आहेत. चित्रपटात शोभेल असं हत्यार खांद्याला, आणि तोंडी एकच पालुपद: आखूड आहे, सुटसुटीत आहे.

बुलपपमध्ये बोल्ट आणि मॅगझिन चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात बसवलेले असतात. नळी तेवढीच राहून रायफल वीतभर आखूड होते. ही सोय सैनिकासाठी आहे. चिलखती गाडीतून उडी टाकताना, घराघरांत शिरताना त्या वीतभरावर जीव वाचतो. ब्रिटिश सैन्याने १९८५ साली एसए-८० घेतली ती त्यासाठीच. पण सैनिकाच्या रायफलीत पुढचं काडतूस आपोआप चढतं. शिकाऱ्याचं तसं नाही. हंगरफोर्डच्या १९८७ च्या हत्याकांडानंतर ब्रिटनने पुढच्याच वर्षी हरणाला चालतील अशा ताकदीच्या स्वयंचलित भरणीच्या रायफलींवर बंदी घातली. त्यामुळे शिकाऱ्याच्या बुलपपचा बोल्ट हातानेच ओढावा लागतो. आणि तो बोल्ट असतो कुठे? गालाशी.

गोळी लागली म्हणून हरीण जागीच कोसळेल असं नसतं. फुप्फुसं फुटलेलं हरीणही बरंच अंतर धावत जातं. म्हणून बार होताच, गाल न हलवता, दुर्बिणीतली नजर न सोडता दुसरं काडतूस चढवायचं, हा इथला पहिला धडा. आता हेदरच्या झुडपांत पालथा पडलेला बुलपपवाला बघा. मुठीवरचा हात सोडतो, कोपर बरगड्यांच्या मागे खेचतो, बोल्टला वाट द्यायला मान उचलतो. तेवढ्यात कळप उधळलेला असतो. गोळी खांद्याला लागली की पोटात, जनावर कुठल्या ओढ्यात उतरलं, यातलं काहीच त्याने पाहिलेलं नसतं. पोटात गोळी घेऊन गेलेलं हरीण तासन्‌तास तडफडतं. एवढी किंमत दुसऱ्या जिवाकडून वसूल करून मिळवलेला सुटसुटीतपणा मला घृणास्पद वाटतो.

चापाची रड वेगळीच. चाप पुढे आणि यंत्रणा मागे, म्हणून दोघांना जोडणारी लांब पट्टी घालावी लागते. त्यामुळे चाप जड होतो, नेमका कधी सुटेल याचा अंदाज बोटाला येत नाही. महागड्या रायफलींत हा दोष बराच कमी केलाय, हे मान्य. पण बोल्टची जागा पैशाने बदलत नाही. हातबोल्टची बुलपप काही नवा शोधही नाही. थॉर्नीक्रॉफ्टची अशी कार्बाइन १९०१ मध्येच ब्रिटिश सैन्यापुढे आली होती. धक्का जास्त आणि हाताळायला अवघड म्हणून ती नाकारली गेली.

मग म्हणतात, सायलेन्सर लावला की साधी रायफल फार लांब होते, दाट झाडीत अडकते. अडचण खरी आहे, उपाय खोटा आहे. लाल हरणासाठी स्कॉटलंडचा कायदा किमान ८० ग्रेनची गोळी, सेकंदाला २,४५० फूट वेग आणि १,७५० फूट-पौंड ऊर्जा मागतो. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २४ इंची नळीतून साधारण २,८०० फुटांनी सुटते, आणि नळीच्या दर इंचामागे पंचवीसेक फूट गमावते. १८ इंची नळीतही ती २,६५० च्या आसपास राहते. ऊर्जा २,३०० च्या वर. कायदा पाळला गेला, अर्धा फूट वाचला, बोल्ट जिथल्या तिथे, गाल जिथल्या तिथे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला मुळात हरीण मारणंच खटकेल. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ते योग्यच बंद केलं. इथे स्कॉटलंडमध्ये मात्र लांडगा केव्हाच नामशेष झाला, हरणं सरकारी अंदाजाने १० लाखांच्या घरात आहेत, आणि पाइन-बर्चची कोवळी रोपं ती वर येऊ देत नाहीत. ती मारावी लागतातच, म्हणून कशी मारतो याचा जाब मी प्रत्येकाला विचारणार. माझ्याबरोबर डोंगरावर यायचं असेल तर बुलपप गाडीतच ठेवावी लागेल. तिच्यावर किती पैसे घातलेत, ते मला सांगू नये.