‘मॉब’मधल्या मुलांनाही भूमिका हवी

जुलै उजाडला की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या कॉलेजांत संहितेची शोधाशोध सुरू होते. समोर विद्यापीठाचा युवा महोत्सव असतो, पुढे ‘लोकसत्ता लोकांकिका’ आणि मनात प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगणारी चतुरंगची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा. निवड बऱ्याचदा एकाच निकषावर होते: गेल्या वर्षी ही एकांकिका कुठे गाजली? अशा संहितेत सहसा एक दणदणीत भूमिका असते. ती कॉलेजच्या हुकमी नटाला मिळते आणि उरलेली दहा-बारा मुलं ‘मॉब’ म्हणून मागे उभी राहतात.

ही पद्धत बदलायला हवी. विद्यार्थ्यांसाठी संहिता निवडताना पहिला प्रश्न असा असावा: ज्याला एकही वाक्य नाही, त्याला या प्रवेशात करायला काय आहे?

मराठी रंगभूमीने या प्रश्नाची उत्तरं केव्हाच देऊन ठेवली आहेत. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगायनने १९६७मध्ये रंगमंचावर आणलं. अभिनयाच्या स्पर्धांत मुलींचा ओढा असतो तो त्यातल्या बेणारेबाईंच्या स्वगताकडे. पण समूहाला शिकवणारा ऐवज त्याआधीच्या खटल्यात आहे. गावातला साधाभोळा सामंत तिथे आलेल्या नाटकवाल्यांच्या खटल्याच्या खेळात साक्षीदार म्हणून ओढला जातो आणि हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो. बोलत असतो सामंत, पण प्रवेश घडत असतो सुखात्मे, काशीकर, पोंक्षे यांच्या नजरांत. खेळ आता खेळ राहिलेला नाही, हे प्रेक्षकाला त्यांच्याकडे बघून कळतं. त्यांच्यातल्याच रोकडेचं काम करणारा मुलगा इथे नुसता आपल्या क्यूची वाट बघत बसला, तर सगळा प्रवेश ढासळतो.

१९७२मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘घाशीराम कोतवाल’ केलं. तिथे तर ब्राह्मणांची रांगच भिंत झाली, पडदा झाली, अख्खं पुणं झाली. गर्दीलाच मुख्य पात्र करणारं ते नाटक हौशी तरुणांनी उभं केलं होतं.

संहिता बाहेरूनच आणायला हवी असंही नाही. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणी पट्ट्यात अडकली. डब्यांत हजाराहून अधिक प्रवासी आणि गाडीला पाण्याचा वेढा. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, गावकरी धावले आणि सगळे सुखरूप बाहेर पडले.

त्या डब्यातला पाच मिनिटांचा प्रवेश बारा मुलांना देऊन बघावा. पहिल्या तालमीत सगळेच ओरडतील. मग प्रत्येकाला विचारावं: तुला आत्ता कोणाकडून काय हवंय? एकीला बाळासाठी पाणी हवंय आणि बाटली समोरच्या आजोबांकडे आहे. आजोबांनी तेवढंच पाणी गोळी घेण्यासाठी राखून ठेवलंय. दारातल्या पोराच्या मोबाइलला फक्त तिथेच रेंज मिळते, म्हणून तो कुणालाच पुढे येऊ देत नाही. एवढं ठरलं की ओरडण्याची गरज उरत नाही. ती बाटली हातातून हातात जाऊ लागते, तेव्हा बाराही जणांचे डोळे तिच्यावर असतात आणि त्यांच्यामागोमाग प्रेक्षकांचेही.

शिकवायचं असतं ते हेच, समोरच्याचं ऐकणं. त्यासाठी पाठांतराच्या आधी आठवडाभर गोल बसून वाचन व्हावं आणि तेही भूमिका अदलून बदलून, म्हणजे आपल्या वाक्याच्या आधीचं वाक्य कोणाचं आणि का, हे प्रत्येकाला उमगतं. दिग्दर्शकाने वाक्य म्हणून दाखवण्याचा मोहही आवरावा. ‘असं म्हण’ अशी सवय लागली की प्रयोगात बाराही तोंडांतून एकट्या दिग्दर्शकाचाच आवाज ऐकू येतो.

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्याकडे आणखी एक श्रीमंती आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. अंबरनाथच्या कारखान्यांनी ठिकठिकाणचे कामगार आणले, तर मुंबईत घर न परवडणारी कुटुंबं बदलापूरपर्यंत सरकली. इथल्या वर्गांत सिंधी, हिंदी, आगरी आणि घाटावरची मराठी शेजारी शेजारी बसते. तालमीत मात्र सगळ्यांना एकाच प्रमाण बोलीच्या साच्यात कोंबलं जातं आणि मग ‘माझं मराठी बरोबर नाही’ म्हणत चांगली पोरं मागच्या मागे नेपथ्य उचलायला जातात. रेल्वेच्या डब्यातलं पात्र त्याच्या घरच्या बोलीत बोललं तर प्रवेश अधिक खरा होतो. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले पाहिजेत, एवढीच अट सगळ्यांना असावी.

ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी २०१४पासून समता विचार प्रसारक संस्थेला सोबत घेऊन ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला तो याच विश्वासावर. वस्त्यांमधली मुलं आपल्या जगण्यातले विषय शोधतात, त्यावर नाटुकली रचतात आणि स्वतःच सादर करतात. हे ठाण्यात जमतं, तर तासाभराच्या लोकल प्रवासावरच्या या शहरांत का जमू नये?

कॉलेजांनी संहितेचं वाचन जूनमध्येच आणि सगळ्या गटासमोर करावं. छापील एकांकिका घेतली तर लेखकाची लेखी परवानगी आणि त्याचं मानधन यांची तरतूद आधी करावी. स्पर्धा भरवणाऱ्यांनी उत्कृष्ट अभिनेता-अभिनेत्रीच्या बक्षिसाइतक्याच रकमेचं बक्षीस सांघिक अभिनयालाही द्यावं आणि परीक्षकांनी प्रयोगानंतर मागच्या रांगेतल्या मुलांच्या कामावरही बोलावं. त्याचा परिणाम पुढच्या जुलैत संहिता निवडतानाच दिसेल.