खंड कशाला म्हणता?

दिवाळी अंकात भांडण घेऊन येऊ नये, असा संकेत आहे. या दिवसांत वाचकाला तिखट चालते, पण ते शेवेतले आणि चिवड्यातले, लेखातले नव्हे. म्हणून संपादकांचे पत्र आले तेव्हा मी त्यांना आधीच कळवून टाकले की, यंदा माझ्याकडे कथा नाही, भांडण आहे. त्यांनी हरकत घेतली नाही. वाचकांनीही घेऊ नये, अशी विनंती आहे.

भांडण एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे ‘खंड’. कचेऱ्यांतून त्याला ‘गॅप’ म्हणतात.

मी १९९७ साली मॅट्रिक झालो. आता त्या परीक्षेला मॅट्रिक कोणी म्हणत नाही, पण माझे वडील म्हणत आणि म्हणून मीही म्हणतो. त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि मी एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवू लागलो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा शाळेतच झाल्या होत्या, हात बरा होता. सुताला खडू लावून भिंतीवर रेघ मारण्यापासून सुरुवात केली आणि पाच-सहा वर्षांत किराणा दुकाने, सोसायट्या, ट्रकांच्या पाठी आणि निवडणुकांच्या भिंती मी एकट्याने रंगवू लागलो. पुढे फ्लेक्सची यंत्रे आली. ज्या पाटीला मला दोन दिवस लागत ती यंत्र घटकाभरात छापून देऊ लागले, आणि २००९ पर्यंत माझे डबे वाळून गेले. त्यानंतर एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवण्याचे काम मिळाले, तासावर पैसे. रात्री लिहीत गेलो. दोन कादंबऱ्या छापून झाल्या. त्यांतल्या एकीवर एका मुलीने एम.ए.साठी निबंध लिहिला. तो तिने मला वाचायला दिला. मात्र तिच्या वर्गात बसण्याची माझी पात्रता नाही.

२०२३ साली संस्थेने सांगितले की, कायम व्हायचे असेल तर आधी बारावी करा. वाजवी होते. मी बाहेरून बारावीला बसायचे ठरवले आणि कागद घेऊन एका महाविद्यालयाच्या कचेरीत गेलो. कारकून तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता. कागद चाळून म्हणाला, “काका, गॅप फार मोठा आहे हो. शंभराच्या स्टँपवर अ‍ॅफिडेव्हिट करून आणा.”

कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडे मसुदा तयारच असतो. नाव आणि साल तेवढे घालायचे. त्याने कागद बाहेर काढला आणि मी वाचला. सन १९९७ ते २०२३ या काळात मी कोठेही शिक्षण घेतले नाही, कोणताही गैरप्रकार केला नाही आणि मी घरी होतो, असे मी शपथेवर लिहून देत होतो.

घरी होतो! बारा वर्षे मी शिडीवर होतो. चौदा वर्षे फळ्यापाशी होतो. पाटी रंगवणाऱ्याला विचारा, दोन अक्षरांमधली जागा रिकामी नसते, ती मोजून ठेवलेली असते. ती चुकली तर शब्द वाचता येत नाही. सव्वीस वर्षांच्या आयुष्याला मोकळी जागा म्हणण्याची, आणि तेही शपथेवर, माझी तयारी झाली नाही. मी सही न करता परत आलो.

घरी पत्नी म्हणाली, “सही करायला काय जात होते तुमचे? दहा वर्षे लोकांच्या घरांवर खोटे बोर्ड रंगवलेत, ‘गाडी पार्क करू नये’ म्हणून.” तिचे म्हणणे व्यवहाराला धरून होते आणि माझ्या हट्टापायी वर्ष वाया गेले, हेही मी कबूल करतो. या प्रतिज्ञापत्रामागे कारण असते, हेही मला ठाऊक आहे. एकाच मुलाने दोन ठिकाणी प्रवेश घेऊ नये, दोनदा शिष्यवृत्ती उचलू नये, म्हणून ही खबरदारी. अठरा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष कोठे गेले हे विचारणे समजू शकते. पण पंचेचाळिशीकडे झुकलेल्या माणसालाही तोच साचा लावायचा, आणि त्या साच्यात ‘मी काम करत होतो’ असे लिहायला एक ओळसुद्धा ठेवायची नाही, ही खबरदारी नव्हे. यात मोठ्या माणसाकडे पाहण्याची एक दृष्टी दिसते, आणि माझे भांडण तिच्याशी आहे.

कोणी म्हणेल, आपला समाज तर प्रौढ विद्यार्थ्याचे किती कौतुक करतो! करतो खरे. दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत आई आणि लेक एकमेकींना पेढा भरवताना दिसतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसलेल्या, पाठीला दप्तर लावलेल्या त्या आजीबाईंची छायाचित्रे परदेशांतूनही छापून आली. ती शाळा मला मनापासून आवडते. ज्यांना आयुष्यभर अंगठा उठवावा लागला त्यांनी सत्तरीत स्वतःचे नाव लिहावे, यासारखा दुसरा आनंद नाही.

पण आपल्याला तो आनंद इतका का होतो, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे. ती आजी आपल्याकडे काही मागत नाही. तिला जागा नको, नोकरी नको, पगार नको. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात बावन्नाव्या वर्षी दहावी झालेल्या एका बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. टाळ्या वाजल्या. कार्यक्रम संपल्यावर त्या नारळ हातात घेऊन माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “सर, आता पुढं काय करायचं असतं?” मी इकडेतिकडे पाहिले. व्यासपीठावरचे सगळे चहाला गेले होते.

आता माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगतो. या लेखाचे खरे कारण तीच आहे. तिच्या नवऱ्याचे इचलकरंजीत यंत्रमागावरचे काम गेले तेव्हा ती मिरजेत एका दवाखान्यात आया म्हणून लागली. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, आणि आयांनाही नाही. तिथे तिची बारा वर्षे झाली. अंथरुणावरून हलू न शकणाऱ्या रोग्याला न दुखवता कुशीवर कसे वळवायचे, तो झोपलेला असतानाच त्याच्याखालची चादर कशी बदलायची, पाठीवर कोठे लाली आली की जखम होणार, हे तिला नुसत्या नजरेने कळते. नर्सिंगच्या पुस्तकात हे सगळे धड्यांतून शिकवतात आणि त्यावर गुण देतात. परीक्षा होऊन आलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुली पहिल्या महिन्यात हिच्याकडेच येतात. “मावशी, जरा हात लावा ना,” म्हणतात. ही लावते, आणि हात लावता लावता शिकवते.

२०२२ साली तिने ठरवले की, आपण रीतसर नर्स व्हायचे. ती बारावी झालेली आहे. परिचारिकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, त्याची माहिती काढायला ती गेली. तिचे वय सदतीस होते आणि प्रवेशाची मर्यादा पस्तीस. संध्याकाळी तिचा मला फोन आला. रडली वगैरे नाही. एवढेच विचारले, “अरे दादा, वय कमी करायचा काही अर्ज असतो का रे?”

हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले तेव्हा आमचे एक स्नेही म्हणाले, “सर, नियमाला काही अर्थ असतो. मोठ्या माणसांनी जागा अडवल्या तर तरुण पोरांनी जायचे कुठे?” आणि त्यांनी ओडिशातल्या त्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याचा दाखला दिला, जे २०२० च्या अखेरीस चौसष्टाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. मी प्रामाणिकपणे सांगतो, चौसष्टाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या डॉक्टरविषयी माझेही मन थोडे कचरते. वैद्यकीच्या जागा थोड्या, त्यांवर खर्च मोठा. पण त्या प्रवेशपरीक्षेची वयाची वरची मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली, हेही आमच्या स्नेह्यांना ठाऊक असायला हवे होते. म्हणजे साठीच्या माणसाला डॉक्टर होण्याची वाट मोकळी, आणि सदतीस वर्षांच्या आयाबाईला नर्सिंगची दोन वर्षे शिकण्याची बंदी!

जरा हिशेब करू या. मी मास्तर आहे, बोटांवर मोजतो. सदतीसाव्या वर्षी ती शिकायला बसली असती तर एकोणचाळिसाव्या वर्षी बाहेर पडली असती. अठ्ठावन्नपर्यंत काम केले असते तरी एकोणीस वर्षे रोग्यांच्या उशाशी काढली असती. विशीतल्या किती मुली लग्नानंतर हे काम सोडतात, किती परदेशी जातात, हे कोणत्याही दवाखान्यात विचारावे. त्यांनी जावे, तो त्यांचा हक्क आहे. पण मग ‘जागा वाया जाईल’ ही भीती फक्त मोठ्या वयाच्या बाईपाशीच का आठवते? वकिलीच्या शिक्षणालाही २०१६ मध्ये अशीच तिशीची मर्यादा पुन्हा घालण्यात आली होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्यांना निदान न्यायालयाची पायरी ठाऊक होती. आयाबाईंनी कोणाकडे जावे?

आपल्याकडे हे असेच चालत आले आहे, असे समजण्याचे कारण नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवसा ती माणसे कामावर असत. शाळेने माणसाची वेळ पाहिली. आज माणसाने शाळेची वेळ पाहायची, वय पाहायचे आणि वर स्टँपपेपरही आणायचा.

पार्वतीबाई आठवल्यांचे नाव आता नव्या पिढीला ठाऊक नसते. १८७० चा त्यांचा जन्म. ऐन तरुणपणी वैधव्य आले, पदरी मूल होते आणि शिक्षण म्हणावे असे काही नव्हते. विशी उलटल्यावर त्या शिकू लागल्या. अण्णासाहेब कर्व्यांच्या त्या मेहुणी. त्यांच्या आश्रमासाठी गावोगाव भाषणे करून त्यांनी वर्गणी गोळा केली. १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायचे म्हणून ही बाई अमेरिकेस गेली आणि तिथे लोकांच्या घरची कामे करून राहिली. १९२८ साली निघालेल्या ‘माझी कहाणी’त त्यांनी हे सगळे स्वतः सांगून ठेवले आहे. आज त्या एखाद्या प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या असत्या तर त्यांना पहिला प्रश्न काय विचारला गेला असता, हे आता वाचकांना सांगायला नको.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून घरी बसून शिकणाऱ्यांची मोठी सोय केली, ते ऋण आहेच. पण सगळीच विद्या टपालाने येत नाही. रोगी वळवण्याची तर नाहीच. दिल्लीत २०२३ मध्ये श्रेयांकांचा राष्ट्रीय आराखडा निघाला. माणसाच्या अनुभवालाही श्रेयांक देता येतील, असे त्यात म्हटले आहे. उत्तम. मग तो आराखडा मिरजेच्या दवाखान्यातल्या त्या खाटेपर्यंत कधी पोहोचणार? एक अनुभवी परिचारिका आणि एक परीक्षक तिथे उभे करा. माझ्या बहिणीला रोगी वळवायला सांगा, चादर बदलायला सांगा, ताप बघून नोंद करायला सांगा. जे येते त्याचे गुण द्या. जे येत नाही, म्हणजे औषधांची मात्रा, शरीरशास्त्र, ते शिकवा, आणि तिची पाळी सुटल्यावर शिकवा. ती फुकटची पदवी मागत नाही. परीक्षा मागते आहे. परीक्षा मागणाऱ्या माणसाला वयाचे कारण सांगून परत पाठवणारी विद्या कसली?

बहीण अजून त्याच दवाखान्यात आहे, अजून मावशीच आहे. भाऊबीजेला येईल तेव्हा हा लेख तिला वाचून दाखवायचा आहे; रागावेल बहुधा, घरातले बाहेर सांगितले म्हणून.

मी यंदा पुन्हा बारावीचा अर्ज भरतो आहे. प्रतिज्ञापत्र मागितले तर देणार आहे, पण मसुदा माझा मी लिहिला आहे. १९९७ ते २००९ पाट्या रंगवल्या, त्यापुढे आजपर्यंत मुलांना चित्रकला शिकवली आणि दोन कादंबऱ्या लिहिल्या. या काळात मी घरी क्वचितच होतो. टंकलेखक म्हणाला, “सर, असला कागद चालत नाही.” मी म्हटले, तुम्ही टाइप तर करा. कचेरीने तो परत केला, तर पुढच्या दिवाळीत कळवीन.