जुन्या प्रणालींचे दप्तर

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील करवीर संस्थानचा मोडी दस्तऐवज जाणकारास आजही वाचता येतो. परंतु पंचवीस-तीस वर्षांपूर्वी छापखान्यांत श्रीलिपीसारख्या प्रणालीने जुळविलेला मजकूर, त्या प्रणालीचा फॉन्ट हाताशी नसेल तर, नव्या लॅपटॉपवर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांगोळी होऊन उमटतो. २०२१ सालचे विंडोज ११ केवळ ६४-बिट असल्यामुळे जुन्या १६-बिट प्रोग्रामांना तेथे थेट प्रवेशच नाही, आणि १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळावयाचा तर जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रामचा आश्रय घ्यावा लागतो. खेळांसाठी हौशी मंडळींनी ही तजवीज विनामूल्य केली. मराठी मजकुराचा वाली कोण? माझ्या मते छापखान्यांनी व ग्रंथालयांनी जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. तेवढी फुरसत नसेल, तर मूळ फॉन्टची फाइल तरी मजकुराशेजारीच जपून ठेवावी.