सागाचं घर पाडण्याआधी

शहापूर-मुरबाडकडे जुनं घर पाडायचं ठरलं की आधी भाव होतो लाकडाचा. खांब, तुळया, वासे, चौकटी मोजल्या जातात, सागाचा सौदा ठरतो आणि जागा मोकळी होते. लाकडाबरोबर घराण्याचा इतिहासही जातो, त्याचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही.

इथलं जुनं, साधं घर म्हणजे लाकडाच्या मेढी, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवत. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबांनी अशा घरांत पिढ्या काढल्या. ज्यांना परवडलं त्यांनी सागाचे खांब उभे केले, वर माळा घातला.

घराचं वय घरच सांगतं. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला. म्हणजे मंगलोरी कौलांचं छप्पर त्यानंतरचं. खालचा सांगाडा मात्र त्याहून जुना असू शकतो. कौलावर साल कोरलेलं असेल तर ते बहुधा कारखान्याच्या स्थापनेचं असतं, घराचं नव्हे. एखाद्या खांबावर कशालाच न जुळणाऱ्या खाचा दिसल्या, तर तो आधीच्या घरातून आला असावा. रेल्वे १८५५ मध्ये वासिंदपर्यंत आली, १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव होत गेली. मग हाती असलेला साग लोक जपूनच वापरणार.

उरलेला इतिहास कागदांत असतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि तलाठ्याकडचे फेरफार पाहा. पेटीतला निकाहनामा काढा. त्यात गाव, तारीख, वडिलांचं नाव मिळतं. कित्येक घरांत मुलांच्या जन्माच्या नोंदी किताबाच्या कोऱ्या पानावर उर्दूत लिहिलेल्या असतात. मराठी शाळेत शिकलेल्या नातवंडांना त्या वाचता येत नाहीत, म्हणून ती पानं रद्दीत जातात. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. लाकडाला निदान गिऱ्हाईक तरी असतं.

घर पाडू नका, असं मी म्हणणार नाही. गळकं छप्पर आणि वाळवी लागलेला वासा सांभाळणं सोपं नाही. पण सौदा करण्याआधी एक रविवार काढा. प्रत्येक खोलीचा फोटो घ्या. दादीला ओटीवर बसवा आणि विचारा: हे घर कुणी बांधलं, सुतार कुठला होता, बाळंतिणीची खोली कोणती? त्या सांगतील ते मुलांना वहीत लिहू द्या. उर्दू कागद वाचता येत नसतील तर गावातल्या उर्दू शाळेच्या गुरुजींना दाखवा.

नवं घर वर्षभरात उभं राहील. दादीला विचारायचं राहून गेलं, तर ते कायमचं राहील.